गाठ म्हणजे कर्करोग नव्हे : तरुण मुलींच्या स्तनातील गाठींचे निदान

न्यासाच्या वार्षिक अहवालात जमाखर्चाच्या तक्त्यांपूर्वी एखाद्या वैद्यकीय विषयावर चार पाने देण्याचा आपला प्रघात आहे. यापूर्वी काविळीवर, सर्पदंशावर आणि मधुमेही रुग्णांच्या पायांच्या जखमांवर असे लेख आले आहेत. यंदाचा विषय विश्वस्त मंडळाच्या सभेत निघाला तेव्हा काही सभासदांना तो छापील अहवालात द्यावा की नाही असा संकोच वाटला. तो संकोच आम्ही समजू शकतो. परंतु नेमका हाच संकोच रत्नागिरी जिल्ह्यातील घराघरांत मुलींना महिनोन् महिने गप्प बसवतो, हे बाह्यरुग्ण विभागाच्या नोंदवह्या चाळताना आमच्या वारंवार लक्षात आले आहे. आम्ही स्वतः वैद्यक नव्हे. वाणिज्य शाखेची पदवी घेऊन हिशेबाच्या वहीपासून या रुग्णालयात कामाला सुरुवात केली. त्यामुळे पुढील मजकुरातील वैद्यकीय भाग आमच्या शल्यविशारदांनी व पॅथॉलॉजिस्टांनी तपासून दिला आहे. मते मात्र आमची आहेत.

शल्यचिकित्सा विभागाच्या बाकावर एखादी सतरा-अठरा वर्षांची मुलगी आईच्या आड बसलेली दिसते. सोबत बहुधा मावशी किंवा आत्या असते. वडील बाहेर फाटकापाशी उभे असतात. केसपेपर काढताना तक्रार विचारली की आई हलक्या आवाजात "जरा दाखवायचे आहे" एवढेच सांगते. डॉक्टरांनी विचारपूस केल्यावर कळते की गाठ हाताला लागून चार-पाच महिने झाले. मुलीने आधी कोणालाच सांगितले नाही. मग आईला सांगितले तेव्हा आई म्हणाली, "बाय, कोणाकडे बोलू नको." त्यानंतर आंब्याचा हंगाम आला, मग लावणी आली, मग गणपती. मधल्या काळात शेक देऊन झाला, लेप लावून झाला, क्वचित बिब्याचा चटकाही देऊन झालेला असतो. बिब्याने गाठ जात नाही. कातडी मात्र भाजते आणि पुढे डॉक्टरांना गाठ नीट चाचपता येत नाही. या सर्व दिरंगाईच्या मुळाशी एकच भीती असते. कोकणात "टाटाला न्यावे लागेल" या वाक्याचा अर्थ कोणाला समजावून सांगावा लागत नाही. परळचे टाटा रुग्णालय १९४१ साली सुरू झाले. तेव्हापासून मुंबईत नोकरीला असलेल्या चाकरमान्यांच्या आधाराने कोकणातील किती कुटुंबांनी तेथील पायऱ्या चढल्या असतील त्याची गणती नाही. साहजिकच गाठ म्हटले की टाटा, आणि टाटा म्हटले की सगळे संपले, असे समीकरण मनात पक्के बसले आहे.

हे समीकरण तरुण वयात बहुतेक वेळा खोटे ठरते. पंचविशीच्या आतील मुलीच्या स्तनात लागलेली गाठ कर्करोगाची निघणे ही अत्यंत विरळ गोष्ट आहे. या वयात सर्वाधिक आढळते ती फायब्रोॲडेनोमा नावाची साधी गाठ. स्तनातील दुधाच्या ग्रंथी व त्यांच्या भोवतालचे तंतू यांची एखाद्या ठिकाणी जास्त वाढ झाली की ती तयार होते. पंधरा ते पस्तीस हा तिचा मुख्य काळ. बहुधा सुपारीएवढी, गुळगुळीत, रबरासारखी टणक. आणि बोटाखाली धरू गेले तर निसटते. इंग्रज डॉक्टरांनी तिला गमतीने 'स्तनातील उंदीर' असे नाव दिले आहे. साधारणतः ती दुखत नाही. कित्येक गाठी वर्षानुवर्षे आहेत तेवढ्याच राहतात, काही आपोआप लहान होतात, गरोदरपणात काही वाढतात, आणि पाळी गेल्यावर बहुतेक आक्रसतात. काही मुलींना एकाच वेळी दोन-तीन गाठी असतात, त्याने घाबरण्याचे कारण नाही. साध्या फायब्रोॲडेनोमाचे कर्करोगात रूपांतर होण्याची शक्यता नगण्य आहे. लंडनचे शल्यविशारद सर ॲस्टली कूपर यांनी १८२९ साली स्तनाच्या रोगांवर ग्रंथ लिहिला, त्यात अशा निरुपद्रवी गाठी कर्करोगापासून वेगळ्या काढून दाखविल्या होत्या. म्हणजे हे ज्ञान जवळपास दोनशे वर्षांचे जुने आहे. आपल्या घरांपर्यंत ते अजून पोचावयाचे आहे.

याखेरीज पाळीपूर्वी स्तन जड होऊन गाठाळ लागणे, आणि पाळी आल्यावर ते उतरणे, हा तर आजारच नव्हे. म्हणून तातडीचे काही नसेल तर पाळी सुरू झाल्यापासून आठ-दहा दिवसांनी पुन्हा दाखवा, असे डॉक्टर सांगतात. ती टाळाटाळ नसते. तिशीच्या पुढे पाण्याच्या गाठी आढळू लागतात. अंगावर पाजणाऱ्या आईला दूध साकळून गाठ होते किंवा गळू होते. मार लागल्यावर आतील चरबी घट्ट होऊन कधी कधी कर्करोगासारखीच कठीण गाठ बनते. आपल्या देशात क्वचित क्षयरोगाचीही गाठ निघते. या प्रत्येकीचा उपचार निराळा आहे, आणि केवळ हाताने चाचपून यांतील कोणती ते दर वेळी खात्रीने सांगता येत नाही. म्हणूनच निदानाचा हा सारा खटाटोप.

येथे एका गोष्टीचा स्वतंत्र उल्लेख केल्याशिवाय पुढे जाणे आम्हास योग्य वाटत नाही. दहा-बारा वर्षांच्या मुलीस एकाच बाजूस, स्तनाग्राच्या बरोबर खाली, दुखरी चकतीसारखी गाठ लागते आणि पालक घाबरून धावत येतात. ही गाठ नव्हे. ती वयात येण्याची पहिली खूण आहे. एका बाजूस ती काही महिने आधी उमलते, दुसरी बाजू मागाहून येते. ही कळी गाठ समजून काढून टाकली तर त्या बाजूचा स्तन पुढे कधीच वाढत नाही. त्या वयात शस्त्रक्रियेची घाई करणाऱ्या कोणालाही, मग तो कितीही नावाजलेला असो, पालकांनी शांतपणे "थोडे थांबतो" असे सांगावे.

निदानाची जगभर मान्य असलेली पद्धत तीन पायऱ्यांची आहे. डॉक्टरांनी हाताने केलेली तपासणी ही पहिली, गाठीचे चित्र ही दुसरी आणि सुईने काढलेल्या पेशींची किंवा तुकड्याची तपासणी ही तिसरी. तिन्ही साक्षीदारांनी एकच जबानी दिली, म्हणजे तिघांनीही 'साधी' म्हटले, तर ती गाठ साधी असण्याची खात्री शंभरात नव्याण्णवहून अधिक असते. तिघांत एकाने जरी निराळे सांगितले तरी प्रकरण बंद करावयाचे नाही. हिशेबतपासनीस पावती, खातेवही आणि बँकेचे पुस्तक एकमेकांशी ताडून पाहतो. रक्कम जुळली नाही तर पुढे जात नाही. आम्हाला हा नियम पटण्यास त्यामुळे फार वेळ लागला नाही.

पहिल्या पायरीसाठी यंत्र लागत नाही, परंतु पडदा लागतो. पूर्वी आपल्याकडे या मुली हर्निया व मूळव्याधीच्या पुरुष रुग्णांच्या रांगेतच बसत आणि नाव पुकारताना तक्रारही पुकारली जाई. आता केवळ क्रमांक पुकारला जातो, तपासणीच्या वेळी परिचारिका हजर असते आणि मुलीची इच्छा असेल तर महिला डॉक्टर तपासतात. एवढ्या बदलाला एक पैसाही लागला नाही. तो आम्हाला आधी सुचला नाही, इतकेच.

दुसऱ्या पायरीवर तरुण मुलींसाठी सोनोग्राफी हीच योग्य तपासणी होय. अनेक सुशिक्षित नातेवाईक मॅमोग्राफीचा आग्रह धरतात. मॅमोग्राफी हे क्ष-किरण चित्र आहे. तरुण वयात स्तनाचा भाग दाट असल्याने त्या चित्रात सगळेच पांढरे दिसते, आणि गाठही पांढरीच. धुक्यात पांढरी गाय शोधण्यासारखा तो प्रकार. चाळिशीनंतर स्तनातील चरबी वाढते तेव्हा मॅमोग्राफीचा खरा उपयोग सुरू होतो. सोनोग्राफीत किरणोत्सर्ग नाही, दुखत नाही, आणि गाठ भरीव आहे की पाण्याची हे काही मिनिटांत कळते. भरीव गाठीच्या कडा सरळ आहेत की काटेरी, ती आडवी पसरली आहे की उभी वाढली आहे, यावरून रेडिओलॉजिस्ट तिची वर्गवारी करतात.

आता आमच्या चुकीविषयी. आपले सोनोग्राफी यंत्र घेताना दरपत्रकात दोन प्रोब होते. एक वक्र, पोटाच्या व गरोदर स्त्रियांच्या तपासणीसाठी. दुसरा सरळ, अधिक कंपनसंख्येचा, कातडीलगतचे अवयव पाहण्यासाठी. काटकसरीच्या सवयीने आम्ही दुसऱ्या प्रोबवर 'अतिरिक्त साहित्य' असा शेरा मारून तो रद्द केला. पोटाचा प्रोब खोलवर पाहतो, जवळचे त्याला अस्पष्ट दिसते. चाळिशी लागलेल्या माणसासारखे. स्तनातील लहान गाठीच्या कडा त्यावर स्वच्छ दिसत नाहीत. परिणामी बराच काळ आपल्या अहवालांत 'पुढील तपासणी आवश्यक' हा शेरा वारंवार येत राहिला. त्या मुलींना एक तर कोल्हापूर वा मुंबई गाठावी लागली किंवा नको असलेली शस्त्रक्रिया करून घ्यावी लागली. रेडिओलॉजिस्टांनी आम्हाला अंधाऱ्या खोलीत नेऊन दोन चित्रे शेजारी शेजारी दाखविली तेव्हा कुठे आमच्या डोक्यात प्रकाश पडला. प्रोब नंतर घेण्यात आला. काही देणगीदार विचारतात की हेच यंत्र गावोगाव शिबिरात का नेत नाही. गर्भलिंगनिदान प्रतिबंधासाठी १९९४ साली झालेल्या कायद्यानुसार प्रत्येक यंत्राची नोंदणी असते आणि ते नोंदणीच्या जागेबाहेर नेण्यावर कडक निर्बंध आहेत. यंत्र स्तन पाहते की पोट, याने त्या नियमात फरक पडत नाही, आणि तो पडू नये असेच आमचे मत आहे.

तिसरी पायरी सुईची. इंजेक्शनच्याच जाडीची बारीक सुई गाठीत घालून तिच्यातील पेशी ओढून घेतात व काचपट्टीवर पसरतात. भूल लागत नाही, टाका पडत नाही, मुलगी दहा मिनिटांत उठून चालू लागते. न्यूयॉर्कच्या मेमोरियल रुग्णालयात मार्टिन व एलिस यांनी १९३० साली या पद्धतीचा पहिला मोठा अनुभव प्रसिद्ध केला. पुढे स्वीडनमध्ये ती नावारूपाला आली. आपल्यासारख्या मर्यादित साधनांच्या रुग्णालयाला तिचा मोठा आधार आहे, कारण पॅथॉलॉजिस्ट जागेवर असतील तर तासाभरात उत्तर मिळते. मात्र ती वाटते तितकी सोपी नाही. पसरलेल्या पेशींपैकी काही काचपट्ट्या ताबडतोब अल्कोहोलमध्ये बुडवावयाच्या असतात व काही हवेवर झटकन सुकवावयाच्या असतात. आपल्या पावसाळ्यात झटकन काहीही सुकत नाही. जुलै महिन्यात काचपट्टी मंदपणे सुकली की पेशींचे रूप बिघडते आणि भलत्याच शंका उत्पन्न होतात. पॅथॉलॉजिस्टांनी यावर टेबलावर एक लहान पंखा ठेवण्याचा उपाय सांगितला. वर्षाच्या खरेदीतील तो सर्वात स्वस्त आणि बहुधा सर्वात उपयुक्त नग असावा.

सुईविषयीची भीती हा निराळाच विषय आहे. "सुई लावली की गाठ चिडते", "सुईने रोग अंगभर पसरतो" ही वाक्ये आम्ही शिकलेल्यांच्या तोंडूनही ऐकली आहेत. साध्या गाठीत पसरण्यासारखे मुळात काही नसतेच. कर्करोगाच्या गाठीतही अशा सुईने रुग्णाचे आयुष्य घटते असा पुरावा इतक्या वर्षांच्या जगभरच्या अनुभवात मिळालेला नाही. उलट तपासणी न करता गाठ अर्धवट कापून टाकली आणि ती नंतर कर्करोगाची निघाली, तर पुढचा उपचार अवघड होऊन बसतो. ते नुकसान खरे असते.

बारीक सुईला काही गोष्टी सांगता येत नाहीत. ती सुट्या पेशी दाखवते, त्यांची मांडणी दाखवत नाही. फिलॉइड्स नावाची एक गाठ दिसायला फायब्रोॲडेनोमासारखी असते पण भराभर वाढते, आणि ती भोवतालच्या थोड्या निरोगी भागासह काढावी लागते. या दोहोंतील फरक सुट्या पेशींवरून सांगणे कठीण जाते. अशा वेळी, किंवा पेशी पुरेशा न आल्यास, जाड सुईची म्हणजे कोअर बायोप्सी करतात. जागा बधिर करून स्प्रिंगच्या सुईने पेन्सिलीच्या शिशाएवढा बारीक तुकडा घेतात आणि फॉर्मॅलिनमध्ये घालून तपासणीस पाठवितात. आवाज 'खट्' असा होतो. तो आधी ऐकवून ठेवला तर मुली दचकत नाहीत, असे आमच्या सिस्टर सांगतात. ही सुई एकदा वापरून टाकून द्यावी लागते व ती महाग आहे. मोठ्या केंद्रांतून आता हिचाच वापर वाढत चालला आहे.

तिन्ही तपासण्या जुळल्या व गाठ साधी ठरली, तर बहुतेक मुलींना शस्त्रक्रियेची गरज नसते. सहा महिन्यांनी पुन्हा सोनोग्राफी, मग वर्षाने, मग दोन वर्षांनी पाहून गाठ तेवढीच असल्याची खातरजमा करतात. वैद्यकशास्त्राच्या दृष्टीने हा अगदी साधा उपाय. व्यवस्थापनाच्या दृष्टीने मात्र सर्वांत अवघड हाच ठरला आहे. 'काही नाही' असे एकदा ऐकल्यावर सहा महिन्यांनी चाळीस मैलांचा एसटीचा प्रवास करून कोण येते? मुली शिकावयास पुण्याला जातात, नोकरीला मुंबईला जातात, लग्न होऊन आडनाव बदलते आणि आमच्या वहीतील नोंद अधांतरी राहते. पूर्वी आम्ही स्मरणपत्रे पोस्टकार्डावर पाठवीत होतो. पोस्टकार्ड सगळी वाडी वाचते, हे कोकणात जन्मलेल्या माणसाला निराळे सांगावयास नको होते; तरीही ते एका मुलीच्या आईने येऊन सुनावल्यावरच आमच्या ध्यानात आले. मग बंद आंतर्देशीय पत्रे सुरू केली. आता दूरध्वनी करतो, पण दिलेला क्रमांक बहुधा भावाचा किंवा वडिलांचा असतो. म्हणून निरोप एवढाच देतो, की रुग्णालयातून बोलतो आहोत, तुमच्या घरातील रुग्णास पुनर्तपासणीची तारीख आहे.

गाठ काढावी कधी? ती भराभर वाढत असेल, तीन-चार सेंटिमीटरहून मोठी असेल, तपासण्या एकमेकींशी जुळत नसतील, किंवा मुलीला स्वतःला ती नको असेल तर. शेवटचे कारणही तितकेच वैध आहे. गाठीच्या काळजीने झोप उडालेल्या मुलीला 'साधी आहे' हे वाक्य पुरत नाही. परंतु आमच्या अनुभवात निर्णय बहुधा मुलगी घेत नाही, लग्नाचा मुहूर्त घेतो. "पाहुणे येण्याआधी काढून टाका, डॉक्टर" अशी विनंती करणाऱ्या आया पुष्कळ. त्यांना दोन गोष्टी सांगाव्या लागतात. या गाठीमुळे बाळाला पाजण्यास अडचण येत नाही; आणि गाठ काढल्याचा व्रण मात्र कायम राहतो. विशीच्या आत तीन वेळा, तीन निरनिराळ्या ठिकाणी शस्त्रक्रिया झालेली एक मुलगी आमच्याकडे चौथी गाठ घेऊन आली होती. पहिल्या तिन्ही गाठी साध्याच होत्या. चौथीही साधीच निघाली. तिच्या बाबतीत आमच्या डॉक्टरांनी सुरी हातात घेतली नाही, याचे तिच्या वडिलांना आश्चर्य वाटले आणि तिला हायसे वाटले.

या लेखाने कोणी गाफील मात्र होऊ नये. भारतीय स्त्रियांत आज सर्वाधिक आढळणारा कर्करोग स्तनाचाच आहे. २०२२ साली देशात त्याचे अंदाजे १ लाख ९२ हजार नवे रुग्ण झाले. पाश्चात्त्य देशांच्या मानाने आपल्याकडील रुग्ण सरासरीने सुमारे दहा वर्षांनी लहान असतात. काही वर्षांपूर्वी बत्तीस वर्षांची एक स्त्री सहा महिन्यांचे मूल कडेवर घेऊन आली. गाठ बाळंतपणापासून होती. घरच्यांनी आणि एका डॉक्टरांनीही "दुधाची गाठ आहे, पाजणे थांबले की जाईल" म्हणून पाच महिने घालविले होते. काखेतही गाठी लागत होत्या. ती गाठ दुधाची नव्हती. तेव्हापासून आमच्या प्रसूती विभागात नियम आहे, की पाजणाऱ्या आईची गाठ दोन आठवड्यांत गेली नाही तर सोनोग्राफी व सुईतपासणी करावयाचीच. दोन्ही पाजण्याच्या काळात सुरक्षित आहेत. फक्त पॅथॉलॉजिस्टांच्या चिठ्ठीवर 'स्तनपान चालू आहे' हे ठळक लिहावे लागते, कारण दूध येण्याच्या काळातील निरोगी पेशीही सूक्ष्मदर्शकाखाली बिथरलेल्या दिसतात. त्याचप्रमाणे कोणत्याही वयात गाठ दगडासारखी कठीण असेल, जागची हलत नसेल, वरची कातडी ओढली गेली असेल, स्तनाग्र नव्याने आत वळले असेल किंवा त्यातून रक्त येत असेल, तर गणपतीची वाट पाहू नये.

आणखी एक प्रसंग लिहावयाचा आहे, तो लिहिताना हात अडखळतो. एका मुलीचा पॅथॉलॉजीचा अहवाल आपल्या खिडकीवर तिच्या काकांच्या हाती देण्यात आला. इंग्रजी अहवालात गाठीला ट्यूमर म्हटले होते, आणि त्या शब्दाच्या मागेच 'बिनाइन' म्हणजे निरुपद्रवी असे स्पष्ट लिहिले होते. काकांना ट्यूमर हा एकच शब्द ओळखीचा होता. संध्याकाळपर्यंत बातमी वाडीत गेली आणि दुसऱ्या दिवशी ठरत आलेल्या सोयरिकीचा निरोप फिरला. मुलीची आई अहवाल घेऊन आमच्या टेबलासमोर उभी राहिली आणि एवढेच म्हणाली, "साहेब, यात काय लिहिलंय ते आता तुम्ही चला आणि त्यांना सांगा." आम्ही शल्यविशारदांना घेऊन गेलो. त्या घरी चहा मिळाला. सोयरीक काही जुळली नाही. आमच्या कर्मचाऱ्याने नियम मोडला नव्हता, कारण असा नियमच नव्हता. आता आहे. असा अहवाल फक्त रुग्णाच्या हाती, डॉक्टरांच्या खोलीत, तोंडी समजावून देण्यात येतो व सोबत मराठीत लिहिलेला अर्ध्या पानाचा कागद जोडला जातो. त्या कागदाची पहिली ओळ 'हा कर्करोग नाही' किंवा 'अजून तपासणी हवी' यांपैकी एक असते.

गेल्या वर्षी एका सन्माननीय देणगीदारांनी महाविद्यालयीन मुलींसाठी जिल्हाभर स्तनतपासणी शिबिरे घ्यावीत आणि त्यांना दरमहा स्वतःची तपासणी शिकवावी, असा प्रस्ताव उदार मनाने दिला. आम्ही त्यांना नम्रपणे नकार कळविला. नकाराचे कारण येथे द्यावयास हवे. चीनमधील शांघाय येथे कापडगिरण्यांतील सुमारे २ लाख ६६ हजार स्त्रियांवर मोठा अभ्यास झाला व तो २००२ साली प्रसिद्ध झाला. ज्यांना स्वतपासणी शिकविली त्यांच्यात कर्करोगाचे मृत्यू कमी झाले नाहीत. साध्या गाठींच्या बायोप्सी मात्र वाढल्या. आपल्या मुंबईत टाटा रुग्णालयाने १९९८ पासून झोपडपट्ट्यांतील ३५ ते ६४ वयाच्या १ लाख ५१ हजारांहून अधिक स्त्रियांचा वीस वर्षे मागोवा घेतला. निम्म्या गटात प्रशिक्षित आरोग्यसेविका दर दोन वर्षांनी हाताने स्तनतपासणी करीत. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांप्रमाणे पन्नाशी ओलांडलेल्या स्त्रियांत या साध्या तपासणीने मृत्यू सुमारे ३० टक्क्यांनी घटले. पन्नाशीच्या आतील स्त्रियांत तसा फायदा दिसला नाही. शासकीय आरोग्य केंद्रांतील तपासणीही तीस वर्षांवरील स्त्रियांसाठीच आहे. तेव्हा अठरा वर्षांच्या हजार निरोगी मुलींना रांगेत उभे करण्यात अर्थ नाही. त्यातून भीतीच जास्त निपजेल. ज्या मुलीला गाठ लागली आहे तिला घरात बोलता यावे आणि ती दारात आल्यावर तिचे काम एका खेपेत व्हावे, यासाठी पैसा लागतो. देणगीदारांनी आपला प्रस्ताव मागे घेतला व पन्नाशीपुढील स्त्रियांच्या तपासणीकडे वळविला, याबद्दल आम्ही त्यांचे ऋणी आहोत.

राहिला खर्चाचा प्रश्न, जो आमचा खरा विषय. शस्त्रक्रियेचे बिल होते. शस्त्रक्रिया टाळल्याचे बिल होत नाही. महात्मा फुले जन आरोग्य योजना मुख्यत्वे दाखल होऊन घ्यावयाच्या उपचारांसाठी आहे. बाह्यरुग्ण विभागात तपासून 'साधी गाठ' म्हणून घरी पाठविलेल्या मुलीचा खर्च तीत बसत नाही. उच्च न्यायालयाने २००६ साली मान्य केलेल्या योजनेनुसार धर्मादाय रुग्णालये बिलाच्या दोन टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत टाकतात. पण तो निधीही दाखल रुग्णांच्या मोठ्या बिलांत लवकर संपतो. म्हणजे ज्या कामाने सर्वांत कमी कापाकापी होते त्याच कामाला हिशेबाच्या वहीत घर नाही. एका विश्वस्तांनी सभेत स्पष्टच विचारले, की गाठी न काढल्याने शस्त्रक्रियागृहाचे उत्पन्न घटले, त्याचे काय? प्रश्न रास्त होता. घट झाली आहे, ती तक्त्यात दाखविली आहे, आणि ती भरून काढण्याचा कोणताही मार्ग आम्ही सुचविलेला नाही.

सध्या पॅथॉलॉजिस्ट आठवड्यातून एकच दिवस, गुरुवारी, येतात. इतर दिवशी आलेल्या मुलींच्या काचपट्ट्या करून ठेवाव्या लागतात. पेशी अपुऱ्या निघाल्या तर ते गुरुवारीच कळते आणि मुलीला पुन्हा बोलवावे लागते. दुसऱ्या खेपेस न आलेल्यांची नावे वहीत तांबड्या शाईने आहेत. पॅथॉलॉजिस्टांचा आणखी एक दिवस, सोमवारचा, आणि जाड सुयांचा वर्षाचा साठा, एवढीच या विभागाची यंदाची मागणी आहे. सोमवारचा दिवस मिळाल्यास राजापूर व लांजा तालुक्यांतून सकाळच्या एसटीने आलेली मुलगी तपासणी, सोनोग्राफी व सुई उरकून, अहवाल समजून घेऊन संध्याकाळच्या गाडीने घरी परतू शकेल.